वेल्डर, फिटर, गवंडी: ही कामं ताकदीची की कसबाची?

डॉकवाला:
गेल्या आठवड्यात भाच्याच्या प्रवेशावरून घरात वाद झाला. त्याला आयटीआयला वेल्डरचा ट्रेड घ्यायचाय. त्याचे वडील म्हणाले, "डोकं चालत नाही म्हणून आयुष्यभर अंग चालवायचं का?" मी २२ वर्षं मुंबईत जहाजांवर वेल्डिंग केलं, त्यामुळे ते वाक्य फार लागलं. माझं मत असं, की या कामांना ताकद लागते, पण नुसत्या ताकदीवर कुणी वेल्डर होत नाही. सगळ्यांना 'अंगमेहनतवाले' म्हणून एका रांगेत उभं करतात आणि त्यामुळेच आमची मजुरी पडते.

जहाजाचा तळ दुहेरी असतो, मधे खणाखणांच्या टाक्या. आत शिरायला लंबगोल मॅनहोल, खांदे तिरके केले तरच माणूस जातो. आत उताणं पडून डोक्यावरचा जोड मारायचा. वितळलेलं लोखंड खाली यायला बघतं, ते आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची विजेची ज्योत, अगदी आखूड ठेवून वर बसवायचं. रूट, म्हणजे जोडाचा पहिला तळाचा थर, मारताना दोन प्लेटांच्या फटीत किल्लीच्या भोकाएवढं छिद्र पुढे पुढे सरकत असतं. ते मोठं झालं तर माल पलीकडे गळतो, बुजलं तर जोड आतून कच्चा राहतो. काळ्या काचेतून नजर त्या छिद्रावर, आणि कॉलरमध्ये ठिणगी गेली तरी हात हलता कामा नये. चूक झाली तर एक्स-रे फिल्मवर दिसते, मग ग्राइंडरने उकरून सगळं पहिल्यापासून.

वेल्डिंगचा लो हायड्रोजन रॉड ओव्हनमध्ये भाजून गरम डब्यातूनच काढायचा. मुंबईच्या पावसाळी हवेत तो उघडा राहिला की ओल धरतो. अशा रॉडचा जोड वरून चकचकीत दिसतो आणि तडा एकदोन दिवसांनी उघडतो. हे ज्याला कळतं त्याला काय हमाल म्हणायचं?

सेंट्रिंगवाल्याचा मुलगा:
दादा, तुमच्या कसबाबद्दल शंका नाही. तरी मी तुमच्या मेहुण्यांच्या बाजूने आहे. माझे वडील पुण्यात स्लॅबचं सेंट्रिंग करायचे, म्हणजे काँक्रीट ओतायच्या आधी खालून फळ्या-टेकूंचा आधार उभा करायचे. टेकू किती अंतरावर लावायचा, ओल्या काँक्रीटच्या वजनाने फळी कुठे दबेल, हे ते नुसतं बघून सांगायचे. पन्नाशीच्या आत गुडघे गेले. ठेकेदाराने बोलवणं बंद केलं, भांडण नाही, काही नाही. हातातलं कसब तसंच होतं, पण परांचीवर चढता येत नाही म्हटल्यावर त्याला गिऱ्हाईक नव्हतं. शेवटची सहा वर्षं त्यांनी एका सोसायटीत वॉचमनकी केली. म्हणून म्हणतो, शरीर ही यातली दुय्यम गोष्ट नाही. कसबाचे पैसे शरीर टिकेल तेवढेच दिवस मिळतात. तुम्हाला पीएफ, दवाखाना मिळाला असेल, सगळ्यांना मिळत नाही.

डॉकवाला:
पहिली नऊ वर्षं मीही ठेकेदाराच्या हजेरीवरच होतो. पण तुमच्या वडिलांचं वाचून थांबलो. याला माझ्याकडे लगेच उत्तर नाही.

साइटवरची:
मी सिव्हिल इंजिनिअर, १४ वर्षं साइटवर आहे. 'काय हमाल म्हणायचं' हे वाक्य मला खटकलं. स्वतःचं कसब सिद्ध करायला दुसऱ्याला खाली का ढकलायचं? बांधकाम कामगारांच्या १९९८च्या केंद्रीय नियमांत पुरुषाने एकट्याने उचलायचं वजन जास्तीत जास्त ५५ किलो आहे, बाईने ३० किलो. सिमेंटची गोणी ५० किलोची, म्हणजे नियमात बसली. पण दिवसभरात तशा किती गोण्या, किती मजले, यावर हा आकडा काही बोलत नाही. पाठ वाचवून गोणी वाहणारा माणूस ती कशी घेतो ते बघा. गोणी पाठीच्या वरच्या भागावर, कंबर न मुरडता, पायरी आधी पायाने चाचपून. हेही शिकावंच लागतं.

आणि बायकांचं काय? आमच्याकडे एक ताई वीस वर्षं घमेली वाहतायत. मालात पाणी जास्त झालंय हे त्यांना गवंड्याच्या आधी कळतं. पण थापी आणि ओळंबा त्यांच्या हातात कुणी दिला नाही, म्हणून वीस वर्षं बिगारीचाच रेट. कुशल कोण हे कसबावर ठरतच नाही, हत्यार कुणाच्या हातात आहे त्यावर ठरतं.

दम्मामहून:
मी पाइप वेल्डर, इथे सौदीत ११ वर्षं. येण्याआधी मुंबईत ट्रेड टेस्ट, म्हणजे हातच्या कामाची परीक्षा, दिली. ४५ अंशांत पक्का बांधलेला पाइप, तो फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं. दहावीचे मार्क कुणी विचारले नाहीत. तेव्हा भाच्याला जाऊ द्या असंच मी म्हणेन.

एक मात्र सांगतो. मशिनं आली की अंगाचा त्रास कमी होईल असं इथे कुणी म्हणायच्या आत लिहितो. सरळ, लांब, सपाट जोड मशिनने केव्हाच घेतले. माणसाला उरले ते कोपरे, टाक्या, ओव्हरहेड. उन्हाचंही तेच. सौदीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३ उघड्यावर काम करायला बंदी आहे, ती चांगलीच आहे. पण टाकीच्या आत ऊन नसतं, लोखंड तापलेलं असतं.

सेंट्रिंगवाल्याचा मुलगा:
म्हणजे माझंच म्हणणं खरं. सोपं ते मशिनला, गुडघे मोडणारं ते माणसाला. भाच्याने शिकावं, पण चाळिशीच्या आत इन्स्पेक्शनची, म्हणजे जोड तपासायच्या कामाची, परीक्षा देऊन बाहेर पडायचं, हे आजच त्याच्याशी बोला. माझ्या वडिलांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

डॉकवाला:
बोलतो. आणि ताई, हमाल शब्दाबद्दल माफी मागतो. तुम्ही लिहिलंत आणि एक जुनी गोष्ट आठवली.

टाकीत आर्गन वायूवर पाइप वेल्ड करत होतो. वायूचा होज कुठेतरी गळत होता. आर्गनला वास नाही, हवेपेक्षा जड, तो तळाशी साचत जातो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की आत थांबायचं नाही हा नियम, पण मीटर सकाळी लावला होता आणि तेव्हा दुपार होती. मला काहीच जाणवलं नाही. मॅनहोलवर एक पोरगा बसवलेला, दर पाच मिनिटांनी हाक मारायची एवढंच त्याचं काम. माझी ओ आली नाही. तो माझ्यामागे आत उतरला नाही, म्हणून आम्ही दोघंही वाचलो. त्याने आरडाओरडा केला, ब्लोअरचा पाइप आत सोडला, मास्कवाले येईपर्यंत दुसऱ्या कुणालाही उतरू दिलं नाही. फोरमनचाही हात धरून ठेवला त्याने.

त्याच्या हजेरीपुढे 'अकुशल' लिहिलेलं होतं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.