सभासद करून घेताना पासपोर्ट बघावा का? तुमचे अनुभव लिहा

इंदूरच्या आमच्या मंडळात आजीव सभासदत्वाच्या अर्जावर 'नागरिकत्व' असा एक नवा रकाना घालायचा घाट आहे. निमित्त एका ताईंच्या अर्जाचं. रामबागेत लहानाच्या मोठ्या झालेल्या, आता अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांचं) घेऊन म्हाताऱ्या आईजवळ राहायला आल्या आहेत. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, वर्गणी द्यायची तयारी आहे, तरी अर्ज पडून. सभेत एका काकांनी विचारलं, "उद्या ह्या अध्यक्ष झाल्या तर?" आमच्याकडे अध्यक्ष व्हायला कोणाच्या तरी पाया पडावं लागतं, ही गोष्ट वेगळी.

माझं मत आधीच सांगून टाकते. माणूस गावात राहतो, चार जण त्याला ओळखतात, एवढं पुरे. व्हिसा तपासायला सरकारनं खाती उघडलेली आहेत, त्यात आपण कशाला पडायचं? पण तुम्ही कुठल्याही बंधुसंस्थेत असाल, फ्रीमेसन, रोटरी, ज्ञाती-पंचायत, परदेशातलं मंडळ, तर तिथे काय विचारलं गेलं ते लिहा. ज्या शाखेचा वाईट अनुभव आला तिचं नाव मात्र नको.

जर्सीतला इंदुरी

सुदामा नगरचा मी, सध्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर न्यू जर्सीत. ऑफिसातल्या एका वयस्क सहकाऱ्यामुळे मेसॉनिक लॉजमध्ये, म्हणजे फ्रीमेसनांच्या शाखेत, गेलो. अर्जात मुख्य प्रश्न दोन: परमेश्वर मानता का, आणि या राज्यात किती काळ राहता. मग लॉजचे लोक घरी आले. बायकोनं पोहे केले, वर शेव आणि जिरावण. गप्पा दोन तास चालल्या, त्यात व्हिसाचा विषय त्यांनी काढलाच नाही. मीच काढला, तर म्हणाले, "इथे राहतोस ना?" पुढे गुप्त मतदान. पांढरी गोटी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही.

अमेरिकेत प्रत्येक राज्याची ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांची वरची संस्था, स्वतंत्र असते, त्यामुळे माझा अनुभव टेक्सासला लागू होईलच असं नाही. काही ठिकाणी पोलिसांकडची नोंद तपासतात. आणि एल्क्स नावाची जी जुनी संस्था आहे, 1868 ची, तिच्या नियमातच अमेरिकन नागरिकत्वाची अट आहे. शेजारी चल म्हणत होता, मी अट वाचून हसून सोडून दिलं. त्यांचं घर, त्यांचा नियम.

खरी अडचण आत गेल्यावर आली. मला पदाधिकारी व्हायला सांगितलं. तिथे खालच्या पदापासून एकेक पायरी चढत वर जायचं, म्हणजे काही वर्षांची बांधिलकी. माझी नोकरी गेली तर जास्तीत जास्त 60 दिवसांत नवी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. ग्रीन कार्डात एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांची रांग कधी सरेल हे विचारू नका. मी पद नाकारलं. कारण सांगितल्यावर मंडळींना खरोखर धक्का बसला, त्यांना हे काही ठाऊकच नव्हतं. तेव्हा दार कुणी अडवलं नसलं, तरी व्हिसा आपलं काम करतोच.

जुना मेसन

आमच्या लहानपणी लोक लॉजच्या इमारतीला 'जादूघर' म्हणायचे आणि आया आम्हाला तिकडे फिरकू देत नसत. पुढे मीच आत गेलो! 1961 मध्ये भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज झाली, तोवर सगळा कारभार ब्रिटन-आयर्लंडमधल्या ग्रँड लॉजांखाली होता.

कोणाला घ्यावं हा वाद इथे नवा नाही. मुंबईत माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना युरोपीय मंडळींनी आत घेतलं नाही, म्हणून ते पॅरिसला जाऊन मेसन झाले. मग 1843 साली मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज निघाली, ती एतद्देशीयांना घेण्यासाठीच. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्तांना 1872 पर्यंत झगडावं लागलं. हरकत अशी, की अनेक देव मानणारा हिंदू एका परमेश्वराची शपथ कशी घेणार? आज वाचताना गंमत वाटते, पण त्या काळी तो काळ्या गोटीचा मामला होता.

कागदपत्रं नसलेल्या माणसाबद्दल विचाराल, तर आमच्या 1723 च्या घटनेत दोन्ही बाजूंना दारूगोळा आहे. मेसनने जिथे राहील तिथल्या राजसत्तेशी शांततेनं वागावं, असं ती सांगते. आणि त्याच कलमात पुढे, राज्याविरुद्ध बंड करणाऱ्याला दुसरा काही गुन्हा सिद्ध नसेल तर लॉजमधून काढता येत नाही, असंही. माझं मत? नव्यानं घेताना नीट चौकशी करावी. एकदा भाऊ म्हटल्यावर मात्र कागद मागू नयेत.

लोकमान्य नगरवाली

काका, रागावू नका, पण तुमच्या लॉजमध्ये बायकांना प्रवेशच नाही. तिथे माझा एच-फोर व्हिसा (एच-वन-बीवाल्याच्या कुटुंबाला मिळणारा) कोण विचारणार? रोटरीतसुद्धा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं 1987 मध्ये निकाल दिल्यावर बायकांसाठी दार उघडलं. इंदूरला परत आल्यावर मी रोटरीतच गेले. पुढचं कोणीतरी लिहा.

सिंध्यांच्या घरातली मराठी सून

सासरची मंडळी सिंधमधून आली, पाकिस्तानी पासपोर्टवर, नंतर लाँग टर्म व्हिसा. इंदुरात अशी पुष्कळ घरं आहेत. आल्या आठवड्यातच पंचायतीनं सासऱ्यांचं नाव वहीत लिहून घेतलं. कुठल्या गावचे, कोणाचे नातेवाईक, संपलं. नणंदेच्या लग्नाचा हॉल, सासूबाईंच्या वेळी स्मशानातली सगळी धावपळ, हे पंचायतीनं केलं. ज्याच्याकडे कागद कमी, त्याला अशा संस्थेची गरज जास्त असते, हे मी त्या घरात पाहिलं.

पण सरकारचा कागद प्रत्येक ठिकाणी आडवा यायचा. शहर सोडायचं तर परवानगी. पंचायतीची उज्जैनची सहल निघाली, इथून तासा-दीड तासाचा रस्ता, आणि सासरे घरी बसले. 2016 मध्ये केंद्रानं शेजारी देशांतून आलेल्या लाँग टर्म व्हिसावाल्या अल्पसंख्याकांना राज्यात फिरायची, बँक खातं काढायची, पॅन-आधार घ्यायची सोय दिली. पुढे आमच्याकडच्या कलेक्टरांनाच नागरिकत्व द्यायचे अधिकार मिळाले, तेव्हा सासऱ्यांचंही काम झालं. पंचायतीत विश्वस्त मात्र ते त्यानंतरच झाले. आधी कोणी सुचवलं की तेच म्हणायचे, माझ्या सहीवरून उद्या तुम्हाला त्रास नको.

एका मंडळाचा कोषाध्यक्ष

सगळे भावनेनं लिहितायत, म्हणून थोडं रुक्ष. सभासद कोणालाही करा, मला घेणं नाही. पैसे आले की पासपोर्ट बघावाच लागतो. भारतीय पासपोर्टवाला भाचा दुबईहून स्वतःच्या कमाईतून देणगी पाठवतो, ती परदेशी देणगी धरत नाहीत. ओसीआयवाल्या मावशी इथे इंदुरात बसून रुपयांत चेक देतात, ती मात्र परदेशी देणगी ठरते, कारण त्यांचं नागरिकत्व परक्या देशाचं. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच यायला हवेत. गणेशोत्सव, कोजागिरी आणि शालेय बक्षिसं एवढ्यावर चालणाऱ्या मंडळानं हे कुठे करायचं? आम्ही असा एक चेक साभार परत केला. देणाऱ्या बाई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. म्हणून रकाना अर्जावर नको असेल तर नको, पण देणगीच्या पावतीपुस्तकात तो हवा.

धागाकर्ती

कोषाध्यक्ष, तुमची सूचना मी उचलते. वार्षिक सभेपुढे असा मसुदा ठेवते: सभासदत्वाला इंदुरातलं वास्तव्य आणि दोन सभासदांची ओळख पुरे, अर्जावर नागरिकत्वाचा रकाना नाही. देणगी स्वीकारताना मात्र कोषाध्यक्षांनी विचारायचं. अध्यक्षपदाबद्दल मी मुद्दाम काही लिहिलेलं नाही. त्यावर काकांना सभेत बोलू दे, कोणी तयार आहे का तेही कळेल.

महूचा

'इंदुरातलं वास्तव्य' म्हणजे आमचं काय? महूची अर्धी मराठी मंडळी तुमच्याच मंडळात वर्गणी भरतात. ओसीआयचं मिटेल, आमचं मसुद्यात कुठे बसवताय ते आधी सांगा.