कार्बन डायऑक्साइड ‘वापरून’ तापमानवाढ थांबणार नाही

(चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

चुनखडी

“हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतोय ना, मग पकडा, माल बनवा, विका” हे हल्ली सर्रास ऐकू येतं. धंदा म्हणून खुशाल करा. तापमानवाढीवरचा उपाय म्हणून मिरवू नका, एवढंच म्हणणं आहे.

इंधन जाळून आणि सिमेंट भाजून जगात वर्षाला साधारण ३७ अब्ज टन सीओटू (कार्बन डायऑक्साइड) बाहेर पडतो. उद्योगांत वापरला जातो तो २३ कोटी टनांच्या घरात. टक्काभरही नाही. त्यातला निम्म्याहून जास्त युरियात जातो. टनभर युरियाला ७३० किलो सीओटू लागतो. खत मातीत पडून ओलावा मिळाला की युरिएज नावाचं विकर काही दिवसांत त्याची फोड करतं. नायट्रोजन पिकाला, कार्बन बव्हंशी परत हवेत.

दुसरा मोठा वाटा जुन्या तेलविहिरींचा. दाबाने आत सोडलेला सीओटू तेलात विरघळतो, तेल फुगतं, पातळ होतं आणि वर येतं. वायूचा बराचसा भाग खाली अडकून राहतो, मान्य. पण वर आलेलं तेल जाळायलाच काढलेलं असतं ना? सोडा, कोरडा बर्फ (गोठवलेला सीओटू), वेल्डिंग यांचं तर बोलायलाच नको.

म्हणून कोणी ‘आम्ही अमुक टन वापरला’ म्हणालं की दोनच गोष्टी विचारायच्या. हा कार्बन जमिनीखालून आला की हवेतून? आणि परत हवेत जायला त्याला किती वर्षं लागणार?

कोरडा बर्फ

असहमत. पहिला प्रश्न विचारून तुम्ही त्याचं उत्तर सोयीस्करपणे टाळलंत. सगळा सीओटू इंधनातून येत नाही.

किण्वन, म्हणजे यीस्टने साखर आंबवणं घ्या. १८० ग्रॅम ग्लुकोजमधून ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम सीओटू. म्हणजे टनभर मद्यार्कामागे जवळजवळ टनभर वायू, आणि तोही इतका शुद्ध की धुराड्यातल्या वायूवर करावी लागते तशी रासायनिक झटापट करावीच लागत नाही. आधी फेस अडवायचा. मग पाण्याच्या मनोऱ्यात धुऊन मद्यार्काची वाफ आणि आल्डिहाइडं काढायची. १५ ते २० बारपर्यंत दाबायचा (एक बार म्हणजे साधारण भोवतालच्या हवेचा दाब). सक्रिय कोळशातून गंधकाची संयुगं आणि वास काढायचा, ड्रायरमधून पाणी काढायचं आणि थंड करून द्रव करायचा. शेवटी द्रव थोडा उकळवून त्यात विरघळलेला ऑक्सिजन-नायट्रोजन उडवून लावायचा. टाकीत तो २० बार आणि उणे २० अंशांच्या आसपास राहतो.

बिघडतं ते ठरलेल्या जागी. ड्रायर भरून गेला की पाण्याचा बर्फ होऊन व्हॉल्व्ह अडकतो. किण्वन सुरू होताना टाकीत वर उरलेली हवा पुरती बाहेर घालवण्याआधीच वायू ओढायला घेतला की ऑक्सिजन शिरतो आणि माल नापास. आणि दाब ५.२ बारच्या खाली गेला तर द्रव टिकतच नाही, नळीत कोरड्या बर्फाचा बूच बसतो. अशा नळीला बाहेरून गरम करणं म्हणजे बंदूक भरणं. वरच्या बाजूने वायू सोडून दाब हळूहळू चढवायचा असतो.

हा सगळा कार्बन गेल्याच हंगामात पिकाने हवेतून घेतलेला. सोड्यातून परत गेला तरी हिशेब शून्य. मग फसवणूक कुठली?

चुनखडी

शून्य म्हणजे उपाय नव्हे, माझा मुद्दा तोच आहे.

तुम्ही पुढे असंही म्हणाल की किण्वनाचा वायू वापरला म्हणून अमोनिया कारखान्याचा वायू लागला नाही. पण तो कारखाना नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढतोच आहे. त्यात निघणारा सीओटू तुम्ही उचलला नाहीत तर धुराड्यातून जातो. उलट किण्वनाचा वायू हवेतून आलेला, शुद्ध, पकडायला जवळपास फुकट. असा वायू बाटलीत भरणं ही उधळपट्टी आहे. तो जमिनीखाली गेला तरच हवेतून खरोखर काही कमी होईल.

शंकेखोर

मुळात हा खटाटोप कशासाठी? ज्वालामुखी, समुद्र, कुजणारा पाला यांच्यापुढे माणूस किरकोळ. शिवाय सीओटू ज्या १५ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात उष्णता शोषतो तो पट्टा कधीच पूर्ण भरलाय. आणखी सोडला तर काय बिघडणार? जुन्या बर्फात खोल भोकं पाडून काढलेल्या गाभ्यांत तर आधी तापमान वाढतं, वायू मागाहून.

अवरक्त

ज्वालामुखींचा सीओटू माणसाच्या एक टक्काही भरत नाही. समुद्र आणि झाडं सोडतात ते अवाढव्य, पण घेतातही तेवढंच, किंबहुना जास्त. कसं ते मोजून बघा. हवेत १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) वाढ म्हणजे ७.८ अब्ज टन सीओटू. ३७ अब्ज टन सगळे हवेतच राहिले असते तर वर्षाला पावणेपाच पीपीएम वाढ दिसली असती. प्रत्यक्षात अडीचच्या आसपास दिसते. निसर्ग भर घालत असता तर वाढ आपल्या उत्सर्जनापेक्षा जास्त हवी होती. ती निम्मी आहे, कारण उरलेलं समुद्र आणि जमीन गिळतात. (समुद्र फुकट गिळत नाही. औद्योगिक युगाआधीचा ८.२ सामू (pH, जितका कमी तितकं आम्ल जास्त) आता ८.१ च्या आसपास आलाय.)

वाढलेला कार्बन कुणाचा, याचे ठसेही आहेत. वनस्पतींना कार्बन-१३ (कार्बनचं जरा जड रूप) जरा नावडता, म्हणून त्यांच्यापासून बनलेल्या कोळसा-तेलात तो कमी. हवेतलं त्याचं प्रमाण घसरतंय. सोबत ऑक्सिजनही घटतोय, म्हणजे काहीतरी जळतंय. ज्वालामुखीला ऑक्सिजन लागत नाही.

आता भरलेला पट्टा. हा आक्षेप स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ आँगस्ट्रॉमने १९०० मध्येच घेतला होता. जमिनीलगत तो खराही आहे, पट्ट्याच्या मध्यावरची उष्णता थोड्याच अंतरात शोषली जाते. पण पृथ्वीचा ताळेबंद ठरतो तो उष्णता अखेर ज्या उंचीवरून अवकाशात निसटते तिथे. वायू वाढला की ती उंची वर सरकते. वर थंडी जास्त, थंड हवा कमी उष्णता फेकते, म्हणून खाली साठते. शिवाय पट्ट्याच्या दोन्ही कडा भरलेल्या नाहीतच. म्हणूनच परिणाम सरळ रेषेत न वाढता लॉगने (दर दुपटीला सारखीच भर) वाढतो: ५.३५ गुणिले प्रमाणाचा नैसर्गिक लॉग. २८० पीपीएमचे ४२० झाले की दर चौरस मीटरला सुमारे २.२ वॅट जास्तीची उष्णता. हवेत आज त्याहूनही थोडा जास्त आहे. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ साली मोजायला घेतलं तेव्हा ३१५ च्या आसपास होता.

बर्फाचे गाभे: हिमयुगं संपायला सुरुवात पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलाने झाली, तापलेल्या समुद्राने वायू सोडला, वायूने तापमान आणखी चढवलं. आज वायू आधी येतोय, कारण तो धुराड्यातून येतोय.

शंकेखोर

हे सूर्यामुळे नाही कशावरून?

अवरक्त

सूर्याने तापवलं असतं तर स्ट्रॅटोस्फिअरही (हवेचा वरचा थर) तापायला हवं होतं. ते थंड होतंय. सीओटू वाढला की खाली तापेल आणि वर थंड होईल हे मनाबे आणि वेदराल्ड या हवामानशास्त्रज्ञांच्या गणितात १९६७ मध्येच आलं होतं. ओझोनचं नाव तुम्ही घ्यायच्या आधीच सांगतो, तो घटण्याचाही या थंड होण्यात हात आहेच, पण वरच्या थरात ओझोन सावरू लागल्यावरही थंड होणं थांबलेलं नाही.

अमाईन

चुनखडी, नाव ते घेऊन सिमेंटवर एकच शब्द? सिमेंटसाठी १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो सीओटू दगडातूनच निघतो. भट्टी उद्या विजेवर चालवली तरी हे ४४ किलो कुठे जाणार? तिथे पकडण्याला पर्याय दिसत नाही.

पकडणं महाग का, तेही सांगायला हवं. कोळशाच्या धुरात सीओटू १२ ते १४ टक्के. मोनोइथॅनॉलअमाईन या अमाईन रसायनाचं ३० टक्के द्रावण ४० अंशांना तो शोषतं आणि १२० अंशांना सोडतं. या उकळण्यालाच टनामागे ३ ते ४ गिगाज्यूल उष्णता जाते. आधी सल्फर डायऑक्साइड नीट काढला नाही तर अमाईनचे असे क्षार होतात जे तापवूनही सुटत नाहीत. धुरातला ऑक्सिजन द्रावण कुजवतो, ते काळपट पडतं, फेसाळतं आणि पोलाद खातं. थेट हवेतून पकडायचं म्हणाल तर तिथे सीओटू ०.०४२ टक्के, म्हणजे धुराच्या तीनशेव्या भागाइतका विरळ.

मात्र जमिनीखाली पुरण्याबद्दल शंका नको. उत्तर समुद्रात स्लाइपनर वायुक्षेत्रात १९९६ पासून वर्षाला सुमारे १० लाख टनांपर्यंत सीओटू खाली जातोय. ८०० मीटरपेक्षा खोल जायचं कारण दाब. ७४ बार आणि ३१ अंशांच्या पलीकडे तो द्रवासारखा दाट होतो आणि थोड्या जागेत मावतो. आइसलंडमध्ये तो पाण्यात विरघळवून बेसाल्ट खडकात सोडतात. प्रयोगात दोन वर्षांच्या आत बहुतेक वायूचा दगड झाला. पाणी मात्र टनामागे २५ टनांच्या आसपास लागतं.

सळई

काँक्रीटमध्ये जिरवण्याचं काय, असं कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहितो. ताज्या मिश्रणात सोडतात तो सीओटू सिमेंटच्या वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी. खरा फायदा ताकद जरा वाढल्याने सिमेंट कमी टाकता येतं हा. इतक्या डोसने सळईला काही होत नाही. पण घट्ट झालेलं काँक्रीट वायूत मुरवायचं तर सामू १२.५ वरून ९ च्या खाली जातो, सळईवरचं संरक्षक कवच जातं आणि गंज धरतो. म्हणून हा प्रकार बिनसळईच्या ठोकळ्यांपुरता ठेवावा.

चुनखडी

अमाईन, सिमेंटसाठी पकडून पुरा, माझी ना नाही. पुरणं वेगळं, वापरणं वेगळं. वापरणाऱ्यांचं लाडकं उदाहरण मिथेनॉल हे इंधन. टनभर मिथेनॉलला १,३७५ किलो सीओटू आणि सुमारे १९० किलो हायड्रोजन. पाण्यापासून एवढा हायड्रोजन काढायला १० मेगावॅट-तास वीज, आणि ते मिथेनॉल जाळून मिळणार साडेपाच. सीओटू ही राख आहे, तिच्यात ऊर्जा उरलेली नाही.

कोरडा बर्फ

जिथे बॅटरी पुरत नाही तिथे, लांब पल्ल्याच्या जहाजांना, ही निम्मी तूट परवडते. ‘उपाय नाही’ म्हणून अख्खा विषय निकालात काढू नका.

शंकेखोर

आणि हरितगृहात १,००० पीपीएम सोडून उत्पन्न वाढवतात, त्याचं काय? झाडांचं ते अन्नच आहे.

अवरक्त

गहू, भात, टोमॅटो यांना फायदा होतो. मका, ऊस यांना फारसा नाही, त्यांच्या पानात सीओटू आधीच दाटवून घेण्याची सोय असते. आणि हरितगृहात पाणी, खत, तापमान माणसाच्या हातात असतं. उघड्या शेतात उष्णतेची लाट थोपवता येत नाही.

कोरडा बर्फ

हरितगृहाचा विषय निघालाच आहे तर, थोडं अवांतर. गळती कळावी म्हणून बरेच जण ऑक्सिजन मीटर लावतात. ते चालत नाही. सीओटू ५ टक्क्यांवर गेला तरी ऑक्सिजन २०.९ वरून १९.९ वरच येतो, आणि भोंगा लावलेला असतो १९.५ ला. ४ टक्क्यांपासूनच जिवाला धोका धरतात. सीओटूचाच मीटर हवा, पहिला इशारा ५,००० पीपीएमला, आणि तो जमिनीपासून हात-दीड हातावर. हा वायू हवेच्या दीडपट जड आहे, छताजवळ लावलेल्या मीटरला कळेपर्यंत उशीर होतो.