दाब वाढवला की विद्राव्यता वाढतेच का?

प्रश्न
दाब वाढवल्यावर द्रवात वायू अधिक विरघळतो, हे हेन्रीच्या नियमावरून समजते. मीठ-साखरेच्या बाबतीत मात्र ‘दाबाचा परिणाम नगण्य’ एवढेच लिहून पुस्तके मोकळी होतात. असा फरक कशामुळे? शिवाय, अर्धी संपलेली सोड्याची बाटली पंपाने हवा भरून बंद केली, तर वाढलेल्या दाबामुळे आतला कार्बन डायऑक्साइड टिकायला हवा ना?

प्रतिसाद १
मुद्दा आकारमानाचा आहे. विरघळणे आणि पुन्हा वेगळे होणे सारख्याच वेगाने चालू असते, त्या समतोलावर दाब वाढवला, की समतोल कमी जागा व्यापणाऱ्या स्थितीकडे झुकतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाला आणि १ वातावरण (समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाइतक्या) दाबाला एक मोल (कणांच्या ठरावीक संख्येइतका) वायू सुमारे २४ लिटर जागा व्यापतो. तोच पाण्यात विरघळला, की द्रवाचे आकारमान जेमतेम काही दशक मिलिलिटरने वाढते. मीठ विरघळताना होणारा बदल मुळातच मोलमागे काही मिलिलिटरचा असल्यामुळे दाब १,००० वातावरणांपर्यंत नेला, तरी विद्राव्यता थोड्याच टक्क्यांनी वाढते. अमोनियम नायट्रेट विरघळताना तर एकूण आकारमान वाढते, म्हणून दाबाखाली त्याची विद्राव्यता उलट घटते. तेव्हा ‘नगण्य’ हा शब्द रोजच्या दाबांपुरताच खरा मानावा.

प्रतिसाद २
बाटलीबद्दल: विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलेल्या नियमातला दाब हा त्या विशिष्ट वायूचा आंशिक दाब, म्हणजे मिश्रणातल्या एकट्या त्या वायूचा दाब असतो, एकूण दाब नव्हे, आणि नेमकी इथेच गफलत होते. हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के असतो. त्यामुळे हवा भरून एकूण दाब तिप्पट केला, तरी त्यातून मिळणारा त्याचा आंशिक दाब ०.००१ वातावरणाच्या आसपासच राहतो. पंपाने पाण्यात भर पडते ती नायट्रोजन आणि ऑक्सिजनची. याउलट कार्बन डायऑक्साइडचाच १ वातावरण दाब असेल, तर २५ अंशांना लिटरभर पाण्यात तो साधारण दीड ग्रॅम विरघळतो.

प्रतिसाद ३
वरील उत्तर समतोलापुरते बरोबर आहे, पण वेगाचा विचार वेगळा करावा लागतो. बुडबुडा तयार होण्यासाठी त्याच्या आतील दाबाने बाहेरच्या एकूण दाबावर मात करावी लागते. म्हणून हवा भरल्यावर फसफसणे थांबते आणि वायू केवळ पृष्ठभागातून सावकाश निसटतो. पंप निरुपयोगी नाही, तो फक्त विलंब लावतो. मोकळी जागा कमी ठेवणे, म्हणजे उरलेला सोडा लहान बाटलीत काठोकाठ भरणे, याहून अधिक परिणामकारक ठरते.