प्रति: योसेफ सूकला पणजोबांच्या पुण्याईवर नाव मिळालं?

चेक व्हायोलिनवादक योसेफ सूकबद्दल वर म्हटलंय की संगीतकार द्वोरझाकचा पणतू आणि त्याच नावाच्या संगीतकार सूकचा नातू म्हटल्यावर दारं आपोआप उघडणारच. पहिलं दार उघडलं असेल, मान्य. पण आडनावाच्या जोरावर पन्नास वर्षं कोणी ऐकून घेत नाही. आणि त्याचे गुरू यारोस्लाव कोत्सियान, म्हणजे थेट व्हायोलिनचे नामवंत शिक्षक शेवचिक यांची तालीम. तिथे कुणाचा पणतू आहेस याला फारशी किंमत नसावी.

घराण्याची चर्चा इतकी झाली, पण एक गोष्ट कुणीच काढली नाही. हा माणूस मुळात चेंबर म्युझिकचा, म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायच्या संगीताचा. आजोबा चेक क्वार्टेट या चौघांच्या गटात जवळपास चाळीस वर्षं दुसरं व्हायोलिन वाजवत बसले. नातवाने सूक त्रिओ हा तिघांचा गट काढला, त्यात पियानोवादक पानेन्का आणि चेलोवादक खुख्रोबरोबर वाजवलं, पुढे 1974 मध्ये सूक चेंबर ऑर्केस्ट्रा. शिवाय तो व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य) तितक्याच हौसेने वाजवायचा. (द्वोरझाक स्वतः तरुणपणी प्रागच्या थिएटरात व्हायोलाच वाजवून पोट भरत होता, हा योगायोग मला भारी आवडतो.)

संगीत संचालक (कंडक्टर) आन्चेर्लबरोबरचं द्वोरझाकच्या व्हायोलिन कन्चेर्तोचं रेकॉर्डिंग सगळे सांगतातच. मी म्हणेन, पियानोवादक कॅचेन आणि चेलोवादक श्टार्करबरोबरची ब्राम्सची त्रिओ (तिघांसाठीच्या रचना) ऐका. श्टार्करचा चेलो कोरडा, धारदार. सूकचा सूर गोल, उबदार. कॅचेन 1969 मध्ये गेला, वय अवघं 42, आणि ती तिकडी तिथेच संपली. त्यातलं बी मेजर त्रिओ लावा, चेलोने मांडलेल्या सुरावटीत सूक कसा अलगद येऊन मिसळतो ते बघा.