मदत हवी आहे : मधमाशीसारख्या दिसणाऱ्या दोन माश्यांची ओळख
सप्रेम नमस्कार. बडोद्यात दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर तुळस आणि झेंडूच्या कुंड्या आहेत आणि गेल्या पंधरा दिवसांपासून तेथे मधमाशीचा भास व्हावा अशा दोन निरनिराळ्या माश्या येत आहेत. दोघींनाही पंखांची एकच जोडी आहे. मधमाशीला चार पंख असतात, त्यामुळे या माश्याच आहेत, एवढे नक्की.

पहिली गुबगुबीत असून तिच्या अंगावर दाट तपकिरी लव आहे. तिची सोंड सुईसारखी ताठ पुढे आलेली असते आणि उडतानाही ती आत जात नाही. ही बी-फ्लाय (मधमाशीसारख्या दिसणाऱ्या केसाळ माश्यांच्या कुळातली) असावी. या कुळातील अनेक जातींच्या अळ्या एकट्याने राहणाऱ्या मधमाश्यांच्या बिळांत त्यांच्या पिलांवर वाढतात आणि मादी उडता उडताच बिळाच्या तोंडाशी अंडी झटकते, हे वाचल्यापासून कुंड्यांमागच्या मातीतील बारीक भोके मी रोज निरखून पाहते.

दुसरी ड्रोन-फ्लाय, म्हणजे नर मधमाशीसारखी दिसणारी माशी, वाटते. आमच्या शेणपाण्याच्या बादलीत तिच्याच असाव्यात अशा लांब शेपटीच्या अळ्या झाल्या आहेत; ती शेपटी म्हणजे त्यांची श्वास घेण्याची नळी. घरची मंडळी बादली ओतून टाकायला निघाली आहेत आणि मला ते अजिबात नको आहे.

माझी ओळख बरोबर आहे का? छायाचित्रात पंखांवरील कोणत्या शिरा पाहाव्यात? आणि या अळ्या कोषात जाण्यासाठी पाण्याबाहेर येतात, तेव्हा बादलीजवळ कोरडी माती ठेवली तर पुरेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.