मदत हवी आहे : पोरगी आठवीला शहरात आलीय, पण रुळंना

नमस्कार मंडळी, आमचं गाव गगनबावडा रोडला, गावातली जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच त्यामुळं पोरगीला जूनपासनं कोल्हापुरात हायस्कूलला घातलंय. एसटीचा प्रश्न न्हाई, अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट मिळालाय, रंकाळा स्टँडला उतरती आन चालत जाती. पण गावच्या वर्गात सतरा पोरं, हितं एका तुकडीत साठ-पासष्ट, आन बोलाय लागली की मागच्या बाकावरच्या पोरी "लई गावठी बोलतीस" म्हणून हसत्यात म्हणं. आता डबा तसाच परत येतोय, काल भाकरीची घडीसुद्धा मोडली नव्हती. एवढी बडबडी पोरगी हो, घरात गप बसा म्हणाय लागायचं.

वर्गशिक्षकांना भेटाय जाऊ का, का त्यानं पोरी जास्तच चिडवतील? दुसरं, संपूर्ण संस्कृत का हिंदी-संस्कृत संयुक्त ते सोमवारपर्यंत लिहून द्यायचंय, आमच्या घरात संस्कृत कुणाच्या बापजन्मात न्हाई, झेपंल का? आन एनएमएमएसची (सरकारी शिष्यवृत्तीची) परीक्षा आठवीतच असती न्हवं, नववीपासनं वर्षाला 12,000 मिळत्यात, तयारी घरी कशी करून घ्यायची? ज्यांची पोरं गावाकडनं आलीत त्यांनी जरा सांगा.