मदत हवी आहे: घुमतंय ते स्पीकर की खोली? टॉवर स्पीकरची निवड अडली आहे

मंडळी, टॉवर स्पीकरच्या दोन जोड्यांपैकी एक घ्यायची आहे. त्यातली मोठी घरी ऐकायला आणली आहे आणि ठेवायची की परत करायची हे चार दिवसांत सांगायचं आहे. दुसरी घरी आणायची सोय नाही. खरी अडचण तीच आहे.

खोली ५.२ मीटर लांब, ३.६ रुंद, २.९ उंच. स्पीकर आखूड भिंतीकडे, भिंतीपासून ९० सेंटीमीटर पुढे. खाली जाड गालिचा, खुर्चीमागे पुस्तकांचं कपाट. अ‍ॅम्प ८ ओहमला ८० वॉट, ४ ओहमला १३० वॉट देतो. ऐकणं मुख्यतः ख्याल, शिवाय चेलो आणि पियानो. आवाज मध्यम.

मोठी जोडी थ्री-वे आहे, म्हणजे खालच्या, मधल्या आणि वरच्या सुरांना वेगळे पडदे: दोन आठ इंची वूफर (खालच्या सुरांचे), पोर्ट (बाससाठीचं भोक) मागे, सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच सिग्नलवर किती मोठ्याने वाजतो ते) ९० डीबी. दुसरी सडपातळ, ८७ डीबी. तिच्यात ट्वीटर (वरच्या सुरांचा पडदा) मिडरेंजच्या (मधल्या सुरांच्या पडद्याच्या) मधोमध बसवलेला आहे, केईएफ या ब्रिटिश स्पीकर कंपनीने १९८८ साली युनि-क्यू आणला त्या धर्तीचा.

दुकानात पहिल्या दिवशी मोठी जोडी ऐकली आणि हीच घ्यायची असं मनाने ठरवून टाकलं. रात्री लक्षात आलं की दोन्ही जोड्या वाजताना व्हॉल्यूमचं बटण तसूभरही हललं नव्हतं. म्हणजे मोठी जोडी सरळसरळ ३ डीबी मोठ्याने वाजत होती, आणि जास्त आवाज कानाला बहुतेकदा सरस वाटतो. दुसऱ्या खेपेला पिंक नॉइज (चाचणीसाठीचा सलग खसखस आवाज) लावून आवाजाच्या मीटरवर दोन्ही समान करून घेतल्या. कोणती जोडी लावली ते मला न सांगता बदलायचं काम मित्राकडे दिलं आणि मी डोळे मिटून बसलो. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे हार्मनमध्ये असेच न दाखवता ऐकवण्याचे प्रयोग केले. त्याबद्दल वाचल्यापासून डोळ्यांनी पाहत केलेल्या तुलनेवर माझा विश्वास राहिलेला नाही.

या वेळी चित्र पालटलं. गायकाच्या आवाजात दोन्ही तोडीस तोड. तंबोऱ्यात मात्र सडपातळ जोडी स्पष्टपणे पुढे. तार सुटल्यावर जवारीतून वरचे सूर एकामागून एक उमलत जातात ते तिच्यावर वेगवेगळे ऐकू येत होते. मोठीवर त्यांचा एकच झंकार होत होता. पियानोच्या डाव्या हाताचं वजन मात्र मोठीवरच.

आता घरातली गोष्ट. चेलोची सगळ्यात खालची मोकळी तार, म्हणजे ६५.४ हर्ट्झ, वाजली की खोली भरून जाते आणि गज उचलल्यावरही सूर रेंगाळतो. लगेच पुढचा सूर लागला की सगळं ठीक. एकाच सुरावर घुमतंय म्हणून खोलीचा हिशोब मांडला. ५.२ मीटर लांबीचा पहिला मोड (खोलीच्या मापामुळे ज्या सुरावर ती घुमते तो) ३३ हर्ट्झला आणि दुसरा ६६ ला. चेलोची ती तार नेमकी दुसऱ्यावर बसते. पोर्टमध्ये फोमचे बोळे घालून पाहिले. अगदी खालचा बास पातळ झाला, ६६ चं घुमणं जवळपास तसंच राहिलं. मग खुर्ची हलवली. आधी ती मागच्या भिंतीपासून ६० सेंटीमीटरवर होती, ती १.३ मीटरवर, म्हणजे लांबीच्या बरोबर पाव भागावर आणली. घुमणं जवळजवळ गेलंच, पण आता तोच सूर इतरांपेक्षा दबका येतो. मधल्या जागा अजून नीट तपासायच्या आहेत.

यावरून मला वाटतं की दोष खोलीचा आहे आणि सडपातळ जोडी आणली तरी ६६ वर तीही घुमेल. तसं असेल तर या कारणासाठी मोठी जोडी नाकारणं तिच्यावर अन्याय ठरेल, आणि निवड तंबोऱ्यावरच करायला हवी. माझ्या तर्कात कुठे चूक होते आहे का? इतक्याच लांबीच्या खोलीत ज्यांनी आधी आठ इंची वूफर वापरले आणि मग लहान वूफरवर आले, त्यांना या पट्ट्यात फरक जाणवला का? मोड तोच राहिला तरी लहान वूफर त्याला कमी छेडतात का, हे अनुभवातून कळलं तर फार उपयोग होईल.

दुसरं, ६६ च्या आसपास पॅरामेट्रिक इक्वलायझरने (ठरावीक पट्ट्यातला आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) ४-५ डीबी कापलं तर सुराचं रेंगाळणंही कमी होतं, की फक्त पातळी खाली येते? या लहरीची लांबीच ५.२ मीटर असल्यामुळे पातळ फोमच्या वाटेला जाणार नाही. कोपऱ्यात जाड बास ट्रॅप (खालचे सूर शोषणारा ठोकळा) ठेवायला जागा आहे, पण एकाच कोपऱ्यात. दुसऱ्यात दार उघडतं.

अ‍ॅम्पबद्दलही एक शंका आहे. मोठीचा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा; तो कमी तितका ताण जास्त) ९० हर्ट्झच्या जवळ ३.१ ओहमपर्यंत उतरतो. माझ्या आवाजाच्या पातळीला चालेल असं वाटतं, अ‍ॅम्प अजून तापलेला नाही, तरी कुणी अशी जोडणी रोज वापरत असेल तर सांगा.

रविवारी सकाळी माइक लावून खोली पुन्हा मोजणार आहे. खुर्ची ६० सेंटीमीटर ते १.३ मीटर यांच्यामध्ये दहा-दहा सेंटीमीटरने सरकवायचा विचार आहे. त्याबरोबर स्पीकरही हलवून मोजायला हवेत का, आणि कोणत्या दिशेने, तेवढं शनिवारपर्यंत कळवा.